उचललेला भंडारा

सोलापूरच्या उन्हाची फुशारकी मारावी ती सोलापूरकरानंच. पाहुणा घामानं भिजला की त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा आणि वर सांगायचं, हे काहीच नाही, मे महिन्यात या. प्रियंकाही लहानपणी हेच सांगायची. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत ती वाढली. तिचे वडील बिरुदेव टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. मागाच्या शेडमध्ये पंखा लावत नाहीत, वाऱ्यानं सूत तुटतं. खिडक्या बंद, वर तापलेला पत्रा आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट. ती कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकत होती, त्या वर्षीच्या एप्रिलात बिरुदेव मागापाशीच कोसळले. बरोबरच्यांनी रिक्षात घालून घरी आणलं तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि ते एकच विचारत होते, माग बंद केला का. परीक्षेत ती ‘तापमानवाढीचे परिणाम’ म्हणून जे मुद्देसूद लिहायची, ते समोर खाटेवर पडलं होतं. त्या दिवसानंतर उन्हाची फुशारकी तिनं सोडली.

मग सुरू झाली ती तिची चळवळ. पायल नावाच्या मैत्रिणीला घेऊन ती दर रविवारी चार पुतळ्याच्या चौकात फलक धरून उभी राहायची. नवी पेठेतून पिशव्या भरून परतणाऱ्या बायका थांबायच्या, फलक वाचायच्या आणि विचारायच्या, “कसली सूट लागलीया?” प्रियंका चिडायची नाही. समजावून सांगायची. पुढे वर्तमानपत्रात फोटो आला, शाळांमधून भाषणांची बोलावणी आली, वस्तीतल्या घरांचे पत्रे पांढऱ्या रंगानं रंगवायची मोहीम झाली. पत्र्याखाली खरोखरच थोडं सुसह्य झालं तेव्हा बिरुदेवांनी कौतुकानं मान हलवली. मेंढ्या सोडून मागावर आलेल्या माणसाची पोरगी पेपरात झळकली, याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नव्हते.

पुण्याच्या एका संस्थेनं तिला विचारलं, झाडं लावायला मोकळी जागा आहे का कुठे? प्रियंकाला आपलं गाव आठवलं. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला घुगरेवाडी. गावाबाहेर गायरान, म्हणजे गावाच्या मालकीचा चराऊ माळ, नजर पोचेल तिथवर उघडा. त्या माळावर तिचे आजोबा ज्ञानबा आयुष्यभर माडग्याळी मेंढ्या चारत आले होते. तिला मात्र त्या दिवशी मेंढ्या दिसल्या नाहीत. तिला उघडा माळ दिसला आणि त्यावर सावली दिसली.

गावचे सरपंच होते उदयसिंह. त्यांनी ठराव करून दिला. फुकटात झाडं येत असतील तर कोण नको म्हणेल? प्रश्न राखणीचा होता. संस्थेचं म्हणणं होतं, तारेचं कुंपण घालू, राखणदार ठेवू. प्रियंका हसली. तार कापली जाते, राखणदार झोपतो, हे तिला ठाऊक होतं. आपली माणसंही तिला ठाऊक होती. तिनं सगळ्या धनगरवस्तीला बिरोबाच्या देवळात बोलावलं आणि देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, ताटात घेऊन उभी राहिली. बिरोबाचा भंडारा चिमटीत उचलून दिलेला शब्द घुगरेवाडीत कुणी मोडत नाही. कोर्टात खोटं बोलणारा माणूसही तिथे सरळ होतो.

“पैल्यांदा कोन उचलतंय?” पुजारी कोंडीबानं विचारलं.

ज्ञानबा पुढे झाले. नात शिकली होती, पेपरात आली होती. ती वाईट कसं सांगेल? चिमटीत भंडारा घेऊन त्यांनी तिलाच विचारलं, “किती दिस मेंढरू आत घालायचं न्हाय म्हनतीस?”

“झाडं माणसाच्या डोक्यावर जाईपर्यंत, आबा.”

संस्थेच्या पत्रकात तीन वर्षांत एवढी वाढ होते असं छापलेलं होतं. ते पत्रक कुठल्या जमिनीवर उभं राहून लिहिलं होतं, हे तिनं विचारलं नव्हतं. ज्ञानबांनी शब्द दिला, त्यांच्या मागून त्यासाठी सोलापूरहून आलेल्या बिरुदेवांनी आणि सगळ्या वस्तीनं दिला. माळाला नुसती दगडांची कडा आणि एक लाकडी फाटक एवढंच झालं. आत करंज आणि कडुलिंबाची रोपं लागली, बाहेर उदयसिंहांच्या नावाचा फलक लागला. ‘शपथेनं राखलेलं जंगल’ म्हणून प्रियंकाचं कौतुक पार मुंबईपर्यंत गेलं. एका मोठ्या सभागृहात तिनं ही गोष्ट सांगितली तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

नंतर पाऊस रुसला. एक वर्ष कमी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. मुरमात रोपं जगली खरी, पण वाढायचं नाव घेईनात. कमरेएवढी होऊन तिथेच थांबली. मधल्या जागेत मात्र पवन्या आणि मारवेल गवत मन मानेल तसं वाढलं, कारण ते कुणी खातच नव्हतं.

मुंबईनंतर दिल्लीचं बोलावणं आलं. तिथे दाखवायला नवे फोटो हवेत म्हणून प्रियंका त्या मे महिन्यात गावी गेली. घरापुढे आली आणि थबकली. मेंढ्यांना रात्री कोंडायची जाळी, जिला वाघर म्हणतात, ती गुंडाळून खुंटीला टांगलेली होती. ती कधी टांगलेली तिनं पाहिली नव्हती. लेंड्यांचा वास होता, मेंढ्या नव्हत्या. आजी राजाबाई उंबऱ्यात बसली होती.

“आजी, मेंढरं कुठं गेली?”

“इकली,” राजाबाई म्हणाली. “टेम्पूत घालून नेली खाटकाच्या मानसानं. आबानं एकेक उचलून सोता आत ठिवली. म्होरकी चढना, तर तिला कडंवर घेतलं, लेकरागत.”

“पण का?”

“चारा कुटाय? तरनी पोरं खांड घिऊन गेली किष्णाकाठाला. आबाचं पाय चालत्यात व्हय आता तेवढं?”

प्रियंका माळाकडे वळली. फाटकापलीकडे गवत गुडघ्याएवढं उभं होतं. वाळलेलं, पिवळं, वाऱ्यावर डुलणारं. फाटकाला कुलूपसुद्धा नव्हतं. कडेच्या दगडावर ज्ञानबा काठी घेऊन बसले होते, जणू अजून राखणीच करत होते.

“आबा, एवढं गवत आत असताना तुम्ही मेंढरं विकली?”

ज्ञानबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. “भंडारा उचलला हाय की,” ते म्हणाले. “झाडं कुटं गेली अजून डोईवर?”

ती तिथेच बसली आणि रडली. दिल्लीला गेली नाही. ज्या गोष्टीला सगळं सभागृह उभं राहिलं होतं, तिचा दुसरा अर्धा भाग तिला आत्ता कळला होता. उपाशी मेंढ्या गवताच्या कडेनं चालल्या, आणि एकाही माणसानं फाटक ढकललं नाही. तिची माणसं अशी होती म्हणून तिला त्यांचा अभिमान वाटायचा. त्याच गुणाला तिनं राखणदार म्हणून बिनपगारी राबवलं होतं. वस्तीत अजून पाच-सहा खांडं, म्हणजे मेंढ्यांचे कळप, उरली होती, पुढच्या उन्हाळ्यात तीही जाणार होती.

दुसऱ्याच दिवशी ती उदयसिंहांकडे गेली. माळ चरायला मोकळा करा, म्हणाली.

उदयसिंहांनी चहा मागवला. माणूस गोड बोलण्यात पटाईत होता. “ताई, ठराव तुमच्याच सांगण्यावरनं केला. गावाला बक्षीस मिळालं, वर फलक लागला. आता मीच मेंढरं आत घालू? लोक तोंडात शेन घालतील माझ्या.”

“मग काय करायचं?”

“ठराव मोडायचाच असंल तर तुमी सरपंच व्हा,” म्हणून ते मनापासून हसले. शेजारी बसलेलेही हसले.

प्रियंका हसली नाही. हिवाळ्यात निवडणूक होती आणि सोडतीत सरपंचपद महिलेसाठी निघालं होतं. तिचं नाव मतदार यादीत घुगरेवाडीतच होतं. बिरुदेवांनी शहरात राहूनही ते कधी हलवलं नव्हतं, गावाशी एवढी तरी गाठ राहू दे म्हणून.

पायलला हे पचलं नाही. फोनवर ती जवळजवळ ओरडलीच, “तुला वेड लागलंय का? झाडं लावणारी मुलगी म्हणून लोक तुला ओळखतात, आणि तू त्यात मेंढ्या सोडायला निवडणूक लढवणार?”

“झाडं जगतील ती जगतील,” प्रियंका म्हणाली. “तो माळ गवताचा होता, पायल. गवतानंच माती धरून ठेवली होती. मी त्याला ओसाड समजले. उन्हानं मरणाऱ्या माणसांसाठी बाहेर पडले होते ना मी? मग आबा कोण आहेत?”

पायलनं आबांच्या मेंढ्यांचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, “पत्रकं मी छापून देते. मजकूर तू लिही.” मैत्रिणी अशाच असाव्यात.

प्रियंका मुक्कामाला गावी आली. निवडणुकीत तिच्यासमोर उदयसिंहांच्या पत्नी उत्कर्षा उभ्या होत्या, म्हणजे फलकावर त्यांचा फोटो आणि त्यामागं उदयसिंह. घुगरेवाडीत मतं कशी पक्की करतात ते सगळ्यांना माहीत होतं. एकेका वस्तीला देवळात बोलवायचं, भंडाऱ्याचं ताट पुढे करायचं आणि मताचा शब्द घ्यायचा. एकदा चिमूट उचलली की मतदानापर्यंत निवांत झोपायला मोकळे.

बिरुदेव कारखान्यातून रजा काढून आले होते. ते लेकीला म्हणाले, “त्येंच्या आदी आपुन बोलवू देवळात. आपलीच मानसं हायती. तू एक हाक दे, सगळी वस्ती भंडारा उचलंल.”

“नाही, अण्णा.”

“झाडासाठी चालतंय, मतासाठी चालत न्हाय?”

“झाडासाठी चाललं तेच चुकलं. परत कुणाच्या हातात मी भंडारा देणार नाही. पडले तरी चालेल.”

बिरुदेव रागावले. त्यांचंही चुकत नव्हतं, हरण्यासाठी कोण रजा काढतं?

ती दारोदार हिंडली. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगितलं. माझ्यामुळं तुमच्या मेंढ्यांचा चारा बंद झाला. तो उघडायला मला सरपंच करा, मग पुढच्या वेळी पाडा. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, पण कुणी हो म्हणेना. एका घरात म्हातारीनं तोंडावर दार लावलं. तिचीही मेंढरं त्याच टेम्पोतून गेली होती.

मतदानाच्या आधल्या आठवड्यात उदयसिंहांनी धनगरवस्तीला देवळात बोलावलं. प्रियंका गेली नाही. घरात राजाबाईपुढे भाकरी घेऊन बसली. देवळात काय झालं ते तिला बिरुदेवांनी येऊन सांगितलं.

उदयसिंहांनी ताट पहिल्यांदा ज्ञानबांपुढे धरलं होतं. म्हाताऱ्यानं उचलला की बाकीचे उचलणार, हा हिशेब. ज्ञानबांनी हात मागे घेतला.

“माज्या हातात अजून मागला भंडारा हाय,” ते म्हणाले. “त्यो उतरल्याबिगर दुसरा कसा उचलू?”

उदयसिंह म्हणाले, “आवो, त्यो झाडाचा, ह्यो मताचा.”

“देव एकच हाय न्हवं?”

ताट पुढच्या माणसाकडे गेलं. त्यानंही मान हलवली. त्याच्या पुढच्यानंही. सगळी वस्ती एका शब्दात आधीच बांधलेली होती, तिला दुसऱ्या शब्दात बांधता येईना. ताट भरलेलं तसंच परत गेलं. मतं मोकळी राहिली.

प्रियंका निवडून आली. थोडक्यात आली, पण आली. मंगळवेढ्याला मोजणी संपल्यावर पोरांनी गुलाल उधळला, खांद्यावर घेतलं. पायल सोलापूरहून पेढे घेऊन आली होती. प्रियंका हसत होती आणि आतून पोखरल्यासारखी झाली होती. आपल्याला आपल्या भाषणांनी निवडून आणलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ज्या शपथेनं आजोबांचं खांड गेलं, त्याच शपथेनं तिला खुर्चीवर बसवलं होतं. ही गोष्ट कुठल्याच सभागृहात सांगण्यासारखी नव्हती.

पहिल्याच ग्रामसभेत तिनं ठराव मांडला. माळाचे भाग पाडायचे, एकेक भाग आळीपाळीनं चरायला उघडायचा, पावसाळ्यात गवताचं बी पडेपर्यंत बंद ठेवायचा. उदयसिंह मागच्या रांगेतून म्हणाले, “आदी झाडाचा ठराव, आता मेंढराचा. उद्या माळ तरी जाग्यावर ठिवनार का, सरपंचबाई?” सभा हसली. प्रियंकाही हसली, कारण टोला बरोबर बसला होता. ठराव मंजूर झाला. फाटक काढून ठेवलं.

आणि कुणीच आत गेलं नाही. उन्हाळा लागला, खांडं कडेकडेनं जायची, मेंढ्या मान वळवून गवताकडे बघायच्या, मेंढके त्यांना हाकलून पुढे न्यायचे. सरकारी शब्द सुटला होता, देवाचा सुटला नव्हता. तिनं कोंडीबाला विचारलं, हा उतरवायचा कसा?

कोंडीबानं खूप विचार करून सांगितलं, “ज्येनं उचलाय लावला त्येनं पदरात परत घ्यायचा. मग मानसं सुटत्यात. पर मोडल्याचं जे काय लागायचं ते त्याला लागतंय, पोरी. इचार कर.”

“घेते,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सगळी वस्ती देवळात जमली. मेंढ्या बाहेर उभ्या होत्या. प्रियंका देवापुढे पदर पसरून बसली. ती शिकलेली होती, हळदीच्या चिमटीनं काही होत नाही असं ती एरवी म्हणाली असती. पण समोर बसलेल्या माणसांनी त्या चिमटीपायी आपली जितराबं गमावली होती, आणि तिला खरंच भीती वाटली. तिनं ती लपवली नाही.

कोंडीबानं ज्ञानबांना खूण केली. पहिला उचलणारा तोच पहिला उतरवणार.

ज्ञानबांनी ताटातून चिमूट घेतली, पसरलेल्या पदराकडे पाहिलं आणि मान हलवली. “न्हाय टाकायचो.”

“आबा, टाका.”

“नातीच्या वटीत असलं टाकू व्हय? माजी मेंढरं गेली, शबूद राखला. मरंस्तवर राखीन. बाकीच्यांनी टाकावं, जावं.”

पण बाकीचे जागचे हलले नाहीत. दार लावणारी म्हातारीसुद्धा नाही. ज्ञानबांच्या आधी कुणी टाकणार नव्हतं. बाहेर एक कोकरू ओरडायला लागलं, त्याला दुसऱ्यानं साथ दिली.

“आबा,” प्रियंका म्हणाली. “तुम्ही मला एक शिवी घातली नाही. कुणीच घातली नाही. आता हे तरी माझ्यावर टाका. नाहीतर पुढच्या महिन्यात टेम्पो परत येईल.”

ज्ञानबांनी बाहेर ओरडणाऱ्या कोकरांकडे पाहिलं. मग ते वाकले. चिमूट त्यांनी पदरात टाकली नाही. अंगठ्यानं तिच्या कपाळाला लावली, सासरी निघालेल्या लेकीला लावतात तशी, आणि देवाकडे वळून म्हणाले, “लेकरू हाय. चुकलं. मी परत दिला आन् तू घेतलास. हिला काय करू नगंस.”

कोंडीबानं ताट पुढच्याकडे सरकवलं. एकेक जण उठला आणि ज्ञानबांनी केलं तसंच करत गेला. बिरुदेवांची पाळी आली तेव्हा त्यांना पोरीचं कपाळ दिसत नव्हतं इतके डोळे भरले होते. दार लावणाऱ्या म्हातारीनं तिच्या कपाळाला हळद लावली आणि ती बाहेर गेली. पदर शेवटपर्यंत रिकामाच राहिला.

माळावर पहिल्यांदा ज्ञानबाच शिरले, काठी घेऊन. मागे वळले आणि त्यांनी मेंढक्याची ती लांब हाळी दिली. त्यांची स्वतःची अशी एकही मेंढी त्या हाळीला यायची राहिली नव्हती. दुसऱ्यांची खांडं आली. आधी बिचकत, मग एकदम लोंढ्यानं, आणि सगळ्या माळावर गवत ओरबाडल्याचा आवाज भरून राहिला.

संध्याकाळी खांडं परतली. प्रियंका फाटकाच्या जागी उभी होती. ज्ञानबा सगळ्यांत शेवटी बाहेर आले. काखेत त्यांनी निवडक मऊ गवताची पेंडी बांधून घेतली होती, घरी ठेवलेल्या कोकरांसाठी मेंढके रोज नेतात तशी. हात सवयीनं चालले असावेत. घराच्या वाटेला लागले, थोडे चालले आणि थांबले. खुंटीवरची वाघर त्यांना आठवली असणार. मग परत आले आणि पेंडी नातीच्या हातात दिली.

“घे, सरपंचबाई,” ते म्हणाले. “कुनाच्या तरी कोकराला घाल.”